कमी बजेटचा सिंथेसायझर घेताना: कंपनीने कात्री कुठे लावलीय ते आधी शोधा

पहिली गोष्ट, डेमोचं बटण दाबू नका. नवीन कीबोर्ड समोर आला की हात आधी तिकडेच जातो, माझाही जायचा, आणि मग एकदम झगमगीत ऑर्केस्ट्रा सुरू होतो आणि वाटतं अरे वा, आता आपणही असंच वाजवणार. पण ते कोणीतरी मुरलेल्या माणसाने डझनभर ट्रॅक एकावर एक चढवून बसवलेलं असतं, त्यातून पट्ट्या कशा आहेत, टच कसा आहे, यातलं काही म्हणजे काहीच कळत नाही. त्यापेक्षा साधा पियानोचा टोन लावा, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) बंद करा, मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबा आणि दहा सेकंद बोट उचलू नका, नुसतं ऐका. बऱ्या वाद्यात सूर हळूहळू मंद होत, थोडा गडद होत विरतो. स्वस्तात उरकलेल्या वाद्यात दोन-तीन सेकंदांनी सूर एका जागी अडकतो आणि तोच तुकडा ऊंऊंऊं करत गोल फिरायला लागतो, कारण मेमरी वाचवायला सॅम्पल, म्हणजे वाद्याच्या आवाजाचं आत साठवलेलं रेकॉर्डिंग, छोटं ठेवलेलं असतं आणि पुढे त्याचाच लूप चालतो. एकदा हा लूप कानाला कळला की मग तो ऐकू न येणं अवघड आहे.

बजेट कमी असलं की कंपनीने कुठेतरी कात्री लावलेलीच असणार, त्याला इलाज नाही. कोणी पट्ट्यांवर लावते, कोणी आवाजावर, कोणी मागच्या जॅकवर, कोणी स्पीकरवर. आपलं काम एवढंच की कात्री कुठे लागलीय ते शोधायचं आणि ती जागा आपल्या कामाची आहे का ते बघायचं. खाली मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने लिहितोय.

पायरी १: नक्की कुठला प्राणी पाहिजे?

बोलताना आपण सगळ्यालाच कीबोर्ड म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. पट्ट्या सारख्याच दिसतात पण आतली यंत्रं वेगळी.

अरेंजर म्हणजे ज्यात रिदम, स्टाइल, ऑटो कॉर्ड असतं, स्पीकर आतच असतात, डाव्या हाताने कॉर्ड धरला की मागे अख्खा बँड वाजतो. यामाहाची पीएसआर मालिका, कॅसिओची सीटी मालिका ही याची ओळखीची उदाहरणं. खरा सिंथ म्हणजे ज्यात आवाज तुम्ही स्वतः घडवता, त्यात बहुतेक वेळा स्पीकर नसतो, रिदम नसतो, आणि नवशिक्याला पहिल्या दिवशी वाटतं की आपण फसलो, हा तर मुकाच आहे. डिजिटल पियानो म्हणजे ८८ वजनदार पट्ट्या आणि मोजके टोन. आणि मिडी कंट्रोलर म्हणजे नुसत्या पट्ट्या, आवाज कॉम्प्युटरमधून येतो, वायर काढली की फळी.

आता स्वतःला विचारा की रोज बसून काय करणार. एकट्याने गाणी बसवायची, कोणी गाताना साथ करायची असेल तर अरेंजर घ्या आणि लोकांनी कितीही नाकं मुरडली तरी लाजू नका. बँडमध्ये वाजवायचं असेल तर आत रिदम असून उपयोग नाही, तिथे पटकन टोन बदलता येणं आणि मागे धड आउटपुट असणं महत्त्वाचं. आणि आवाजाशीच खेळायचं असेल, म्हणजे सूर वाजवण्यापेक्षा सूर बनवण्यात मजा येत असेल, तरच खरा सिंथ.

ही मजा काय असते ते थोडक्यात सांगतो. ऑसिलेटर एक कच्ची लहर देतो, समजा सॉ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी, ऐकायला माशी घोंघावल्यासारखी कर्कश. मग फिल्टरचा कटऑफ हळूहळू खाली आणा, वरची किरकिर गळून पडते आणि तोच सूर उशीखालून आल्यासारखा मऊ होतो. रेझोनन्स वाढवा, त्याला नाक फुटतं. एन्व्हलपचा अटॅक लांबवा, आता पट्टी दाबल्यावर आवाज टणकन न येता फुगत फुगत येतो. पट्टी तीच, सूर तोच, आणि तीन नॉबमध्ये ब्रासचा टोन व्हायोलिनकडे झुकला. हे करताना ज्याला तासभर कुठे गेला कळत नाही त्याने सिंथ घ्यावा. ज्याला वाटलं की ठीक आहे, आता गाणं कधी वाजवायचं, त्याने अरेंजर.

पायरी २: पैसे काढण्याआधी दोन आठवडे फुकट खेळा

ही पायरी सगळे गाळतात. कॉम्प्युटर असेल तर सर्ज एक्सटी नावाचा ओपन सोर्स सिंथ फुकट मिळतो, व्हायटलची फुकट आवृत्ती आहे, आणि डेक्स्ड नावाचं एक आहे ज्यात १९८३ च्या यामाहा डीएक्स७ चं अख्खं एफएम इंजिन (एका लहरीने दुसरी हलवून आवाज बनवायची पद्धत) नक्कल केलंय. टाइप करायच्या कीबोर्डवरसुद्धा सूर वाजवता येतात, वेडेवाकडे का होईना. दोन आठवड्यांत कळतं की आपल्याला नॉब फिरवायला आवडतं की तयार टोन निवडून वाजवायला आवडतं, आणि कधीकधी असंही कळतं की एक चांगला मिडी कंट्रोलर आणि हे फुकटचे सिंथ एवढ्यात आपलं भागतंय. तसं असेल तर उत्तम, पुढचा अर्धा लेख तुमच्यासाठी नाही.

पायरी ३: बजेट पूर्ण कीबोर्डवर उधळू नका

एकूण रकमेचा साधारण पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. स्टँड, सस्टेन पेडल (पायाने दाबून सूर लांबवायचं), वायरवाला हेडफोन, धुळीचं कव्हर, सिंथ असेल तर एखादा स्पीकर किंवा छोटा अँप, हे सगळं नंतर घेऊ म्हणतो आणि मग कीबोर्ड पलंगावर आडवा टाकून पाठ मोडेपर्यंत वाजवत बसतो. पण उलटंही नको, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एक्स आकाराचा साधा पण जाड पाइपचा स्टँड पुरतो, हलत नाही एवढं बघा.

हेडफोन ब्लूटूथवाला घेऊ नका, म्हणजे गाणी ऐकायला घ्या, वाजवायला नाही. पट्टी दाबल्यावर आवाज कानात पोचायला जो उशीर होतो तो ऐकताना कळत नाही पण वाजवताना बोटं गोंधळतात. कीबोर्डवर ब्लूटूथ ऑडिओ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा फोनवरचं गाणं कीबोर्डच्या स्पीकरवर लावण्यासाठी असतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

पायरी ४: पट्ट्या, इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा

आवाज नंतर बदलता येतो, कॉम्प्युटर जोडून हवा तो घेता येतो. पट्ट्या बदलता येत नाहीत. त्यामुळे मला विचाराल तर कमी बजेटमध्ये कात्री आवाजावर लागली तर चालेल, पट्ट्यांवर नको.

संख्या सोपी आहे. २५ म्हणजे दोन सप्तकं, ३७ म्हणजे तीन, ४९ चार, ६१ पाच. दोन्ही हातांनी वाजवायचं असेल तर ६१ च्या खाली जाऊ नका. सिंथवर बेस किंवा लीड एकाच हाताने वाजवणार असाल तर ३७ चालतात, १९७० च्या मिनीमूगला ४४ च पट्ट्या होत्या आणि एका वेळी एकच सूर वाजायचा, तरी त्यावर लोकांनी काय काय करून ठेवलंय.

आकाराकडे मात्र नीट बघा. फोटोत ३७ पट्ट्या दिसतात पण त्या मिनी आहेत, स्लिम आहेत की पूर्ण आकाराच्या हे फोटोत कळत नाही. मायक्रोकॉर्गच्या मिनी आहेत, कॉर्ग मिनिलॉगच्या स्लिम आहेत, आणि आर्टुरियाच्या मायक्रोफ्रीकला तर हलणाऱ्या पट्ट्याच नाहीत, सपाट तांब्याचा टच बोर्ड आहे. यातलं काहीच वाईट नाही पण बोटांना सवय लागते, मिनीवर शिकलेला हात मोठ्या पट्ट्यांवर गेला की सप्तकाची उडी चुकते.

मग टच. टच म्हणजे हळू दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर जोरात, याला व्हेलॉसिटी म्हणतात. अगदी सुरुवातीच्या मॉडेलमध्ये हे चक्क नसतं, उदाहरणार्थ यामाहाच्या पीएसआर ई२७३ ला नाही आणि ई३७३ ला आहे, कॅसिओच्या सीटी एस२०० ला नाही आणि एस३०० ला आहे. नावात एका आकड्याचा फरक, बाहेरून जवळजवळ सारखे, आणि वाजवताना जमीन-अस्मान. माझा पहिला कीबोर्ड बिनटचचा होता, खोक्यावर टोन किती आहेत ते ठळक लिहिलेलं आणि टच नाही हे कुठेच नाही. दोन वर्षं त्यावर वाजवलं आणि मग मित्राच्या पियानोवर बसलो तर प्रत्येक सूर हातोड्यासारखा पडत होता, कारण बोटांना हळू दाबणं माहीतच नव्हतं. ते सुधारायला जे महिने गेले ते गेलेच. बजेट कितीही ताणावं लागलं, सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल, टचशिवाय घेऊ नका.

टच काम कसा करतो ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढे तपासणी करताना डोक्यात प्रकाश पडेल. प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या आत कार्बनचे दोन ठिपके, एक थोडा आधी टेकतो, दुसरा थोडा नंतर. या दोन टेकण्यांमधला वेळ मोजून आतला प्रोसेसर ठरवतो की तुम्ही किती जोरात दाबलं. वेळ कमी म्हणजे जोरात. आता यातल्या एका ठिपक्याखाली धूळ गेली की मोजणी चुकते आणि पट्टी एकतर मुकी होते किंवा हळू दाबली तरी किंचाळते. म्हणजे पट्टी मेली असं जे लोक सांगतात त्यात अनेकदा पट्टीला काही झालेलंच नसतं, आत कचरा असतो.

आफ्टरटच, म्हणजे पट्टी दाबून ठेवून आणखी दाब दिल्यावर आवाज बदलणं, या बजेटमध्ये सहसा मिळत नाही, मिळाला तर बोनस. पिच बेंडचं चाक मात्र बघाच. पट्ट्यांवर मींड येत नाही, ती या चाकावरच घ्यावी लागते. पीएसआर ई३७३ ला ते नाही, ई४७३ ला आहे. चाक ओढून सोडल्यावर बरोबर मधे येऊन थांबतं का तेही बघा, जुन्यात ते जरासं बाजूला राहतं आणि मग अख्खा कीबोर्ड बेसूर वाटतो आणि माणूस ट्यूनिंगच्या मेनूत शोधत बसतो.

पायरी ५: आवाज, आणि तो पॉलिफनीचा आकडा

८०० टोन लिहिलेत म्हणून हुरळून जाऊ नका. त्यात तीस पियानो, चाळीस गिटार, हेलिकॉप्टरचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, सगळं मोजलेलं असतं. रोजच्या वापरात आठ-दहा टोन येतात. तुमचे आठ कुठले ते आधी कागदावर लिहा, समजा पियानो, ई पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज, बासरी, बेस, पॅड, ब्रास, आणि तेवढेच नीट ऐका. बाकीच्यांत नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा असलं तरी फरक पडत नाही.

ऐकायचं कसं? दहा सेकंदांची कसोटी सुरुवातीला सांगितलीच. दुसरी कसोटी, एकच पट्टी अगदी हळूपासून जोरात, वीसेक वेळा दाबत जा. चांगल्या पियानोत आवाज वाढताना रंगही उजळत जातो. स्वस्तात एकतर नुसता व्हॉल्यूम वाढतो किंवा एका ठरावीक जोरावर खट्कन दुसरंच सॅम्पल लागतं, जिना चढल्यासारखं. तिसरी, पट्ट्या खालून वर एकेक करत वाजवत जा, मधेच एखाद्या जागी आवाजाचा पोत बदलतो, कारण एकच सॅम्पल चार-पाच पट्ट्यांवर ताणलेलं असतं आणि तिथे पुढचं सुरू होतं. थोडं तर सगळ्यांतच असतं, कानाला टोचतंय का एवढंच बघा. आणि हे सगळं हेडफोन लावून, कारण आतल्या स्पीकरमध्ये चांगला आवाजही डब्यात बसल्यासारखा येतो आणि वाईट आवाजाचे दोषही त्यात लपतात.

पॉलिफनी म्हणजे एका वेळी किती आवाज वाजू शकतात. लोक म्हणतात बोटं दहा मग ३२ खूप झाले, पण हिशोब असा नसतो. पियानोचं सॅम्पल स्टिरिओ असेल तर काही यंत्रांत एक सूर दोन आवाज खातो. त्यावर स्ट्रिंग्जचा लेअर लावला की आणखी. सस्टेन पेडल दाबून ठेवलं की आधीचे सूरही अजून जिवंत असतात. मागे स्टाइल चालू असेल तर ड्रम, बेस, गिटार सगळे त्याच कोट्यातून घेतात. कोटा संपला की यंत्र गुपचूप सगळ्यात जुना सूर कापतं, आणि नेमका तो डाव्या हातातला लांब धरलेला खालचा सूर असतो. पीएसआर ई३७३ मध्ये ४८ आहे, ई४७३ मध्ये ६४, रोलंड जूनो डीएस६१ मध्ये १२८. अरेंजर असेल तर ४८ ला मी किमान धरतो.

पण हाच नियम अनॅलॉग सिंथला, म्हणजे ज्यात आवाज सॅम्पलमधून न येता सर्किटमध्येच तयार होतो त्याला, लावू नका, तिथे गणित वेगळं आहे. मिनिलॉगमध्ये चारच व्हॉइस आहेत आणि ते लपवलेलं नाही, प्रत्येक व्हॉइसची खरीखुरी सर्किट आत बसवलेली असतात म्हणून आकडा छोटा. चार सुरांचा कॉर्ड धरला की संपलं, पाचवा दाबला की पहिला गेला. पियानोची गाणी त्यावर वाजवायला जाल तर चिडचिड होईल.

पायरी ६: मागची बाजू

कीबोर्ड उलटा फिरवून मागे बघणारा गिऱ्हाईक विरळा, पण कात्री इथेच सगळ्यात सफाईने लागते.

स्वस्त अरेंजरला वेगळं आउटपुट नसतं, हेडफोनचं भोक हेच आउटपुट. तिथे वायर घातली की आतले स्पीकर बंद. घरी काही बिघडत नाही पण कार्यक्रमात अँपला जोडल्यावर स्वतःला स्वतःचंच ऐकू येत नाही. शक्य असेल तर डावं-उजवं असे दोन वेगळे मोठे जॅक असलेलं घ्या, ई४७३ ला तसे आहेत. सस्टेन पेडलचं भोक आहे ना तेही बघा. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय काढला की सूर लांबतोय, तर घाबरू नका, कंपन्यांच्या पेडलची पोलॅरिटी वेगवेगळी असते. बऱ्याच कीबोर्डना चालू होताना ते ओळखता येतं, म्हणून पेडल आधी जोडा, त्यावर पाय न ठेवता मग स्विच ऑन करा.

मिडी पाहिजेच. १९८३ पासून हीच भाषा सगळी वाद्यं बोलतात, त्यामुळे आजचा कीबोर्ड चाळीस वर्षं जुन्या सिंथलाही जोडता येतो, फक्त गोल पाच पिनचं भोक आहे की नुसतं यूएसबी ते बघा. नुसतं यूएसबी असेल तर कॉम्प्युटरला थेट लागेल पण जुन्या वाद्याला थेट लागणार नाही. आणि यूएसबी क्लास कंप्लायंट आहे का विचारा, म्हणजे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ज्याला ड्रायव्हर लागतो त्याचा ड्रायव्हर काही वर्षांनी नव्या कॉम्प्युटरवर चालेनासा होतो आणि मग धडधाकट वाद्य अर्धं अपंग होतं.

अडॅप्टरचं म्हणाल तर व्होल्ट आणि अँपिअर तर बघायचेच, पण टोकाला आत प्लस आहे की मायनस तेही. प्रत्येक कंपनीचं वेगळं, एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलमध्येही वेगळं असू शकतं, आणि भोक मात्र सारखं असल्यामुळे पिन खुशाल आत जाते.

पायरी ७: नवीन की वापरलेला?

माझा कल वापरलेल्याकडे, पण फार जुन्याकडे नाही. चार-पाच वर्षं जुना आणि भरपूर खपलेला मॉडेल असेल तर पैशाच्या मानाने खूप वाद्य मिळतं, पार्ट मिळतात, दुरुस्ती करणाऱ्याने तो आधी उघडलेला असतो. दुर्मिळ मॉडेल म्हणून कौतुकाने घ्याल तर एक स्विच बिघडल्यावर कळेल की दुर्मिळ म्हणजे काय.

विंटेजचा मोह कमी बजेटवाल्याने सरळ टाळावा. १९८४ च्या रोलंड जूनो १०६ मधल्या व्हॉइस चिप कालांतराने जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे, सहातला एक व्हॉइस गप्प होतो किंवा खरखरतो. कॉर्ग पॉलिसिक्समध्ये मेमरी सांभाळणारी बॅटरी गळते आणि खालचा बोर्ड खाऊन टाकते. रोलंडच्या जेडी ८०० आणि एक्सपी ८० मध्ये पट्ट्यांखाली वापरलेला लाल गोंद वर्षांनी वितळून खाली ओघळतो. वाद्यं अप्रतिम आहेत, पण ती घेणं म्हणजे वाद्य आणि सोबत एक कायमचा दुरुस्तीवाला घेणं.

पायरी ८: वीस मिनिटांची तपासणी

वापरलेला घ्यायला जाताना स्वतःचा हेडफोन, एक केबल आणि पेडल न्या. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. थंड असताना चालू करायचा, तपासायचा, वीस मिनिटं चालू ठेवून परत तपासायचा, कारण काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. अनॅलॉग असेल तर सुरुवातीला थोडा बेसूर असणं स्वाभाविक आहे, त्याला ट्यून व्हायला वेळ द्या.

पहिल्यांदा ई पियानोचा टोन, व्हॉल्यूम मध्यम, आणि एकही पट्टी न सोडता खालून वर अगदी हळू. मग तसंच जोरात. मी एकदा ही पायरी घाईत अर्ध्यावर सोडली होती, वरच्या सप्तकात कोण जातंय म्हणून, आणि घरी येऊन बघतो तर वरचा एक कोमल निषाद मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडायचा. कितीही हळू दाबा, फुल आवाज. शेवटी उघडला, खालचे वीसेक स्क्रू, मग पट्ट्यांची चौकट, मग रबराची पट्टी, आणि त्या एका टोपीखाली केसाचा एक बारीक तुकडा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून बोर्डावरची जागा आणि कार्बनचे ठिपके हलक्या हाताने पुसले, वाळू दिलं, बसवलं, झालं. जमलं खरं, पण स्क्रू दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे निघाले आणि कुठला कुठे ते आठवताना घाम फुटला, तेव्हा उघडणार असाल तर प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो काढा. आणि वॉरंटी चालू असेल तर अजिबात उघडू नका.

मग ऑर्गनचा टोन, दोन्ही हातांची बोटं पसरून ठेवा, कुठला सूर मधेच तुटतो का. मग एक सूर धरून प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर बहुतेक धूळ असते, काँटॅक्ट क्लीनरने जाते. पण डिस्प्लेवरचा आकडा वाढवताना मधेच मागे उडी मारत असेल तर एन्कोडर (नॉबखालचा, फिरणं मोजणारा भाग) झिजलाय, तो बदलावाच लागतो. मग केबल जॅकमध्ये घालून अगदी हलकेच हलवा, आणि अडॅप्टरची पिनही तशीच हलवा. पिन हलल्यावर कीबोर्ड बंद पडून चालू झाला तर आतला सोल्डर तडकलाय. दुरुस्ती छोटी आहे, पण कार्यक्रमात मधेच बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

बॅटरीचा डबा उघडून बघा, हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर सेल गळलेत. आत टोन साठवता येत असतील तर एक टोन बदलून सेव्ह करा, बंद करा, थोड्या वेळाने चालू करून बघा राहिलाय का. नसेल तर आतली छोटी बटण बॅटरी संपली असू शकते, ती काहींत सहज बदलते आणि काहींत बोर्डाला सोल्डर केलेली असते.

इतकं करताना विकणारा वैतागला तर वैतागू दे. आणि हे सगळं झाल्यावर आता पाच मिनिटं तुम्हाला आवडतं ते वाजवा. तपासणीत पास झालेला कीबोर्डही कधीकधी हाताला नको वाटतो, अशा वेळी मी घेत नाही, कारण विचारू नका.

मग घेऊ कुठला?

साथीसाठी आणि शिकण्यासाठी पीएसआर ई४७३ किंवा त्या वर्गातला कुठलाही टच, पिच बेंड आणि वेगळं आउटपुट असलेला. नुसता चांगला पियानो आणि थोडे टोन पुरत असतील, स्टाइल नकोच असतील, तर कॅसिओ सीटी एस१, हलका आहे आणि ६१ पट्ट्या आहेत, फक्त पिच बेंड नाही. बँडसाठी वापरलेला जूनो डीएस६१, तो सेलवरही चालतो. आवाज घडवायला शिकायचं तर मिनिलॉग, कारण जवळजवळ प्रत्येक गोष्टीला वेगळा नॉब आहे आणि छोट्या पडद्यावर लहर डोळ्यांना दिसते, मी फिल्टर म्हणजे काय ते त्या पडद्याकडे बघूनच शिकलो. मायक्रोफ्रीक चमत्कारिक आहे, प्रेमात पडाल किंवा महिन्यात विकाल. कुठलाही घ्या, घेण्याआधी त्याचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवा आणि शेवटची तपशिलांची पानं वाचा. जाहिरातीत जे लिहिलेलं नाही ते तिथे असतं.

घरी आणल्यावर

बिल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढून ठेवा, खोकं निदान वॉरंटी संपेपर्यंत फेकू नका. वापरलेला असेल तर आधीच्या मालकाचे टोन कॉम्प्युटरवर बॅकअप घ्या, कधीकधी त्यात खजिना असतो, आणि मग फॅक्टरी रीसेट मारा. फर्मवेअरचा अपडेट असेल तर तो करताना पॉवर जाणार नाही एवढं बघा. वाजवून झालं की कव्हर टाका, कीबोर्डवर चहाचा कप ठेवणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळं टेबल ठेवा. आणि अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून मार्करने कीबोर्डचं नाव लिहा, आजच लिहा, कारण घरात राऊटरचा, सेट टॉप बॉक्सचा आणि याचा असे तीन काळे अडॅप्टर एकाच ड्रॉवरमध्ये जाणार आहेत.